तान्ह्या बाळाच्या अंगावरची गाठ : दुर्मीळ ट्यूमरच्या निदानाच्या पायऱ्या

बाळाच्या दंडावर, मांडीवर किंवा पाठीवर गाठ दिसली की पहिल्याच भेटीत केसपेपरवर बहुधा दोनपैकी एक शब्द उमटतो : ‘हिमँजिओमा’ (रक्तवाहिन्यांची गाठ) किंवा ‘लायपोमा’ (चरबीची गाठ). बऱ्याचदा काही बिघडत नाही, कारण लहान मुलांच्या मऊ ऊतींमधल्या, म्हणजे स्नायू, चरबी, तंतू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या आवरणांतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात. प्रश्न उरलेल्या थोड्या मुलांचा आहे. त्यांच्या कागदावरचा तो शब्द पुढचे सगळे डॉक्टर खरा धरून चालतात आणि त्यात आठवडे निघून जातात. बालरोग, शल्यचिकित्सा, रेडिओलॉजी किंवा पॅथॉलॉजी विभागात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी अशी गाठ हातात आल्यावर काय करावं, ते इथे क्रमाने दिलं आहे. हा क्रम सोडू नका. निदान मायक्रोस्कोपखाली होतं हे खरं, पण ते बिघडतं त्याच्या बरंच आधी : चुकीच्या जागी घातलेल्या सुईने, घाईने फॉर्मेलिनमध्ये टाकलेल्या तुकड्याने, किंवा बाळाचं वयसुद्धा न लिहिलेल्या फॉर्मने.

पायरी १ : वय आठवड्यांत लिहा

या विषयात वयाइतका उपयोगी धागा दुसरा नाही. ‘वय १ वर्ष’ एवढं लिहून भागत नाही. गाठ जन्मतःच होती की नंतर आली, आणि नंतर आली तर कितव्या आठवड्यात, हे विचारा. इन्फंटाइल हिमँजिओमा जन्माच्या वेळी बहुधा नसतो किंवा फिकट डागापुरता असतो. तो पहिल्या काही आठवड्यांत डोकं वर काढतो आणि त्याची बहुतेक वाढ पहिल्या पाच महिन्यांत उरकते. त्यामुळे जन्मतःच पूर्ण वाढलेली लालजांभळी गाठ किंवा वर्ष उलटल्यावरही जोमाने वाढणारी गाठ ‘हिमँजिओमा’ म्हणून स्वीकारू नका. जन्मतःच असलेल्या गाठीत कंजनायटल (जन्मजात) हिमँजिओमा, कापोसिफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमा (रक्तवाहिन्यांची, प्लेटलेट्स अडकवणारी गाठ), मायोफायब्रोमा (स्नायूसारख्या पेशींची साधी गाठ) आणि इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा (तंतुपेशींचा कर्करोग) हे चौघे डोक्यात हवेत.

दोन ते चार आठवड्यांच्या बाळाच्या मानेत एका बाजूला टणक, लांबट गाठ असेल आणि मान त्या बाजूला कललेली असेल, तर आधी फायब्रोमॅटोसिस कोलायचा (मानेच्या स्नायूतल्या साध्या गाठीचा) विचार करा. काखेत किंवा खांद्याजवळ कातडीखाली असलेली, दोन वर्षांच्या आतली गाठ फायब्रस हॅमार्टोमा असू शकते. तीन वर्षांच्या आत भराभर वाढणारी मऊ चरबीची गाठ लायपोब्लास्टोमा असू शकते. रॅब्डोमायोसार्कोमा हा मुलांमधला सर्वांत नेहमीचा सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कर्करोग. तो डोकं-मान आणि मूत्र-जननमार्गात जास्त दिसतो, पण हातापायांवरही येतो आणि तान्ह्या बाळांनाही होतो.

‘पडल्यावर गाठ आली’ असं पालक हमखास सांगतात. पडल्यामुळे बहुधा गाठीकडे लक्ष गेलेलं असतं, ती आधीपासूनच असते. त्यांच्या फोनमधले जुने फोटो मागा. त्यावरच्या तारखांवरून वाढीचा वेग कळतो, आणि आठवणीपेक्षा हा पुरावा पक्का असतो. घरात कमी वयात कोणाला स्तनाचा, मेंदूचा, ॲड्रिनलचा कर्करोग किंवा सार्कोमा झाला आहे का, मोठ्या आतड्यात खूप पॉलिप सापडले आहेत का, बाळाच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का, हेही विचारून लिहून ठेवा.

पायरी २ : हाताने तपासा, टेपने मोजा

लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा. ‘लिंबाएवढी’ हे माप नव्हे, कारण पुढच्या भेटीत तुलना करायला ते कामी येत नाही. गाठ कातडीला चिकटली आहे की खालच्या फॅशियाला (स्नायूवरच्या आवरणाला)? बाळ रडताना किंवा पाय झाडताना, म्हणजे स्नायू ताठरल्यावर, ती हलायची थांबली तर ती खोलवर आहे. दाबल्यावर रिकामी होते का, हाताला धडधड लागते का, तेही पाहा. मग बाळाचे सगळे कपडे काढून पूर्ण अंग तपासा : दुसऱ्या गाठी, लिम्फ नोड, यकृत, पोट, डोळ्यांभोवतीची काळसर सूज. गाठी अनेक असतील तर विचाराची दिशाच बदलते. मायोफायब्रोमॅटोसिस (अनेक मायोफायब्रोमा), न्यूरोब्लास्टोमाचे (अपक्व मज्जापेशींच्या कर्करोगाचे) कातडीत पसरलेले मेटास्टेसिस, ल्युकेमिया आणि रॅब्डॉइड ट्यूमर (तान्ह्या बाळांचा अत्यंत आक्रमक कर्करोग) ही नावं पुढे येतात.

मोठ्या माणसांसाठी शिकवलेला ‘५ सेंटिमीटरच्या वर असेल तर काळजी’ हा नियम बाळाला जसाच्या तसा लावू नका. दोन महिन्यांच्या बाळाच्या पोटरीत ३ सेंटिमीटरची गाठ ही मोठीच गाठ. खोलवर असणं, टणक असणं, वाढत राहणं आणि वरची कातडी फुटणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर ‘महिन्याने या’ म्हणू नका. ओपीडीत सुई घालून ‘काय निघतंय बघू’ हेही करू नका.

पायरी ३ : सुईआधी रक्त

सीबीसी, स्मिअर, पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या रक्तपेशींच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या जांभळट, तणावलेल्या प्रत्येक गाठीत बायोप्सीआधी झाल्याच पाहिजेत. कापोसिफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमामध्ये प्लेटलेट्स गाठीत अडकतात आणि फायब्रिनोजेन खाली जातं. याला कासाबाख-मेरिट फिनॉमिनन म्हणतात. प्लेटलेट्स अनेकदा ५०,००० च्या खूप खाली जातात. साध्या इन्फंटाइल हिमँजिओमात असं होत नाही. त्यामुळे ‘हिमँजिओमा’ लिहिलेल्या बाळाच्या प्लेटलेट्स घसरल्या तर ते निदानच पुसून पुन्हा विचार करायचा. अशा वेळी आकडा सुधारण्यासाठी प्लेटलेट्स चढवल्या तर त्याही गाठीतच अडकतात आणि गाठ आणखी फुगते. म्हणून रक्तस्राव होत असेल किंवा ऑपरेशन अटळ असेल तेव्हाच त्या द्याव्यात. चित्र आणि रक्ताचे आकडे दोन्ही जुळत असतील तर बायोप्सी न करता उपचार सुरू करणंही रास्त ठरतं.

न्यूरोब्लास्टोमाची शंका असेल तर लघवीतले व्हीएमए आणि एचव्हीए (या ट्यूमरमुळे वाढणारी रसायनं) पाठवा. माकडहाडाजवळच्या गाठीत एएफपी (काही ट्यूमरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) पाठवा, पण निकाल वयाच्या तक्त्याशी ताडून पाहा. नवजात बाळात एएफपी मुळातच हजारोंच्या घरात असतं आणि पुढच्या काही महिन्यांत उतरतं. मोठ्यांची मर्यादा लावली तर प्रत्येक निरोगी बाळ आजारी ठरेल.

आणखी एक : ‘सूज उतरते का बघू’ म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका. गाठ लिम्फोमा किंवा ल्युकेमियाची निघाली तर स्टेरॉइडने पेशी वितळतात आणि बायोप्सीत निदान करण्याजोगं काही उरत नाही.

पायरी ४ : आधी सोनोग्राफी, मग एमआरआय, मगच सुई

पहिली तपासणी उच्च फ्रीक्वेन्सीच्या लिनिअर प्रोबने केलेली डॉपलरसह सोनोग्राफी. बाळाला भूल लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, आणि गाठ घट्ट आहे की पाण्याची हे लगेच कळतं. फायब्रोमॅटोसिस कोलायमध्ये मानेचा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड स्नायूच चातीसारखा मध्ये फुगलेला दिसतो आणि गाठ स्नायूसोबत हलते. हे चित्र स्पष्ट असेल तर एमआरआयही नको आणि बायोप्सीही नको, मानेचे व्यायाम पुरतात.

डॉपलरमध्ये भरपूर रक्तप्रवाह दिसला म्हणजे हिमँजिओमा, ही मात्र या क्षेत्रातली सर्वांत महागात पडणारी समजूत. इन्फंटाइल फायब्रोसार्कोमातही रक्तवाहिन्या भरपूर असतात. फरक असा की हिमँजिओमा सगळीकडे एकसारखा, रेखीव कडांचा असतो आणि सभोवती सूज नसते. गाठीत मधेच मृत भाग, जुना रक्तस्राव किंवा उरलेल्या भागापेक्षा वेगळा दिसणारा घट्ट तुकडा असेल तर पुढे जायलाच हवं.

एमआरआय बायोप्सीच्या आधीच हवा. सुईने झालेला रक्तस्राव नंतरच्या चित्रात ट्यूमरसारखाच दिसतो आणि गाठीची खरी हद्द पुसली जाते. साधारण तीन महिन्यांच्या आतलं बाळ स्कॅनच्या अगदी आधी दूध पाजून, नीट गुंडाळून, कानांवर संरक्षण देऊन झोपवलं तर भूल न देताही स्कॅन होतो. फॅट सप्रेशन असलेले आणि नसलेले दोन्ही सीक्वेन्स मागा. लायपोब्लास्टोमातली चरबी त्यावरूनच ओळखता येते. पण फार लहान बाळाच्या लायपोब्लास्टोमात चरबी कमी आणि मिक्सॉइड (जेलीसारखा) भाग जास्त असतो, म्हणून चरबी दिसली नाही एवढ्यावरून तो बाद करू नका. गाठीचा सीटी सहसा लागत नाही. साध्या एक्स-रेत मात्र कॅल्शिअमचे ठिपके आणि हाडावरचा परिणाम स्वस्तात कळतो. अनेक गाठींच्या मायोफायब्रोमॅटोसिसची शंका असेल तर फुफ्फुस, आतडी, हृदय आणि हाडं यांत काही आहे का, हे पाहण्यासाठी पूर्ण शरीराचा एमआरआय करावा. कातडी आणि हाडांपुरत्या गाठी बऱ्याचदा आपोआप विरतात. आतल्या अवयवांत पसरलेला आजार जिवावर बेतू शकतो.

पायरी ५ : बायोप्सी

सुई कुठून घालायची हे पुढे गाठ काढणारा सर्जन ठरवतो आणि रेडिओलॉजिस्ट त्या वाटेने जातो. नंतरच्या ऑपरेशनमध्ये ती वाट काढून टाकावी लागू शकते. हात-पायांवर उघडी बायोप्सी करायची असेल तर छेद अवयवाच्या लांबीला समांतर घ्या. आडवा छेद घेतला की मोठं ऑपरेशन करताना कितीतरी जास्त कातडी आणि स्नायू गमवावे लागतात. एकाच कंपार्टमेंटमधून (स्नायूंच्या कप्प्यातून) जा, मुख्य मज्जातंतू आणि रक्तवाहिनी उघडी करू नका, रक्तस्राव पूर्ण थांबवा. ड्रेन लागलाच तर तो जखमेच्या रेषेत आणि तिच्या जवळच काढा.

बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखालची कोअर बायोप्सी (जाड सुईने ऊतीची बारीक कांडी, म्हणजे कोअर, काढणं) पुरते. १४ किंवा १६ गेजची सुई आणि कोॲक्सिअल शीथ (सुईबाहेरची नळी) घ्या, म्हणजे एकाच छिद्रातून अनेक कोअर निघतात. किमान ४ ते ६ चांगले कोअर हवेत. जनुकीय तपासण्या करायच्या असतील तर आणखी घ्या. मृत भागातून नव्हे तर कॉन्ट्रास्टने उजळलेल्या जिवंत भागातून घ्या आणि सुईची दिशा बदलत राहा. याला कारण आहे. मायोफायब्रोमाच्या मध्यभागी अपक्व, गोलसर पेशी आणि फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या असतात, आणि कडेला शांत दिसणाऱ्या, स्नायूसारख्या पेशींच्या गाठोळ्या. सगळे कोअर मध्यातून आले तर ते हुबेहूब सार्कोमा वाटतात. फायब्रस हॅमार्टोमाचे घटक तीन : तंतूंचे पट्टे, चरबी आणि अपक्व पेशींचे गोल पुंजके. एकट्या चरबीचा कोअर आला तर ‘लायपोमा’, एकट्या तंतूंचा आला तर ‘फायब्रोमॅटोसिस’ असा रिपोर्ट जातो.

एफएनएसी (बारीक सुईने फक्त पेशी ओढून तपासणं) पहिल्या निदानासाठी अपुरी पडते. पेशी दिसतात, पण त्यांची रचना दिसत नाही आणि पुढच्या तपासण्यांना मटेरियल उरत नाही. गाठ लहान आणि वरवरची असेल, हात-पायाचं काम न बिघडवता पूर्ण निघत असेल, तरच ती थेट काढावी. ‘लायपोमाच असेल’ म्हणून एमआरआय न करता खोलवरची गाठ अर्धवट काढली तर त्या बाळाला दुसरं, अधिक मोठं ऑपरेशन सोसावं लागतं. हे टाळता येतं, म्हणून टाळलंच पाहिजे.

पायरी ६ : तुकडा लॅबपर्यंत

बायोप्सीची वेळ पॅथॉलॉजिस्टला आदल्या दिवशी कळवा. तुकडा सलाइनने ओलसर केलेल्या गॉजवर, झाकलेल्या डबीत, ताजाच द्या. कोरड्या गॉजवर तो सुकतो आणि सलाइनमध्ये तरंगत ठेवला तर पेशी फुगून खराब होतात. तो अर्ध्या तासाच्या आत पोहोचला पाहिजे. लॅबमध्ये वाटणी साधारण अशी होते :

– दोन-तीन टच इम्प्रिंट (तुकडा काचेवर टेकवून घेतलेले पेशींचे ठसे). काही हवेत सुकवलेले, काही लगेच अल्कोहोलमध्ये. पुढे एफआयएसएच (जनुकातला बदल चमकत्या खुणेने दाखवणारी तपासणी) करायलाही ते कामाला येतात.
– एक-दोन कोअर गोठवून उणे ८० अंश सेल्सिअसला.
– बाकीचे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात. कोअरला ६ ते २४ तास पुरतात. दिवसेंदिवस पडून राहिल्यावर आरएनए तुटतो.
– संसर्गाची शंका असेल तर कल्चरसाठी वेगळा तुकडा, निर्जंतुक डबीत.

फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून पाहणं) मागायचाच तर प्रश्न एकच ठेवा : निदानाला पुरेसा जिवंत ट्यूमर आला आहे का? टेबलवर नेमकं नाव मागितलं तर निम्मा तुकडा त्यातच संपतो. सगळे कोअर एकाच कॅसेटमध्ये कोंबू नका, दोन-तीन ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यांत) वाटा. ब्लॉक पहिल्यांदा कापतानाच १० ते १५ न रंगवलेले सेक्शन काढून ठेवा. ब्लॉक पुन्हापुन्हा मशीनवर चढवला की दर वेळी सपाट करण्यातच ऊती वाया जातात. हाडाचा भाग असेल तर तीव्र ॲसिडने मऊ करू नका, ईडीटीए वापरा. ॲसिडमधून काढलेल्या तुकड्यावर जनुकीय तपासणी बहुधा फसते.

फॉर्मवर आठवड्यांतलं वय, नेमकी जागा आणि खोली, एमआरआयमधली तीन मापं, वाढीचा वेग, प्लेटलेट्स आणि आधी दिलेले उपचार एवढं हवंच.

पायरी ७ : स्लाइड वाचताना

आधी रचनेनुसार गट पाडा : निळ्या गोल पेशी, लांबट पेशी, मिक्सॉइड, चरबीयुक्त, रक्तवाहिन्यांचा, रॅब्डॉइड. मग त्या गटाचाच आयएचसी (अँटिबॉडीने पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवण्याच्या तपासणीचा) पॅनल मागा. सरसकट तीस अँटिबॉडी लावल्या की ब्लॉक संपतो आणि गोंधळ वाढतो.

तान्ह्या बाळात मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) मोजून घातकपणा ठरवू नका. या वयात साध्या गाठींतही पेशी दाट असतात आणि वेगाने विभागतात. उलट रॅब्डॉइड ट्यूमर छोटा असताना दुर्लक्षित होतो, पण वागणुकीने अत्यंत आक्रमक असतो. म्हणून नाव न जुळणाऱ्या, अपक्व दिसणाऱ्या प्रत्येक ट्यूमरवर आयएनआय-१ (रॅब्डॉइड ट्यूमरमध्ये नाहीसं होणाऱ्या प्रथिनाचा स्टेन) लावाच. पेशींच्या केंद्रकातला रंग नाहीसा झाला आहे असं म्हणण्याआधी त्याच सेक्शनमधल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी आणि लिम्फोसाइट रंगले आहेत ना, हे पाहा. तेही कोरे असतील तर स्टेन फसला आहे.

गोल पेशींच्या गटात डेस्मिन, मायोजेनिन, मायोडी१, सीडी९९, एनकेएक्स२.२, पीएचओएक्स२बी, टीडीटी आणि एलसीए ही सुरुवातीची जुळणी. मायोजेनिन केंद्रकात दिसला तरच मोजा. तोही ट्यूमरच्या पेशीत आहे की मध्ये सापडलेल्या, जखमेनंतर नव्याने वाढणाऱ्या सामान्य स्नायूतंतूत, हे नीट बघा. या फसगतीतून साध्या गाठीला रॅब्डोमायोसार्कोमा म्हटलं जातं. एकट्या डेस्मिनवर विसंबू नका, तो इतर अनेक गाठींत रंगतो. सीडी९९ सुद्धा युइंग सार्कोमाची मक्तेदारी नाही. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमात तो जोरदार असतो आणि त्याच वेळी एलसीए कोरा असू शकतो, म्हणून टीडीटी वगळू नका.

लांबट पेशींच्या गटात एसएमए, डेस्मिन, मायोडी१, एस१००, सीडी३४, एएलके, पॅन-टीआरके आणि बीकोर. इन्फंटाइल फायब्रोसार्कोमात पेशी माशाच्या काट्यासारख्या तिरक्या ओळींत लागतात, पण पुष्कळदा तेवढी नेटकी रचना दिसत नाही. पॅन-टीआरके केंद्रकात रंगला तर ईटीव्ही६-एनटीआरके३ फ्युजनची (दोन जनुकं एकमेकांना जोडली जाण्याची) शक्यता मोठी. मात्र हा स्टेन बीकोर जनुकात बदल असलेल्या बालपणीच्या ट्यूमरमध्येही उमटतो, म्हणून तो शेवटचा शब्द नव्हे.

रक्तवाहिन्यांच्या गटात ग्लुट१ सर्वांत कामाचा. इन्फंटाइल हिमँजिओमात तो रंगतो, कंजनायटल हिमँजिओमा आणि कापोसिफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमात रंगत नाही. कापोसिफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमात डी२-४० आणि प्रॉक्स१ सापडतात.

चरबीच्या गटात एक गोष्ट मनावर कोरून ठेवा : पाच वर्षांच्या आत मिक्सॉइड लायपोसार्कोमा जवळपास दिसतच नाही. तो शब्द लिहावासा वाटला तर आधी पीएलएजी१ तपासून लायपोब्लास्टोमा नाही ना, हे ठरवा.

पायरी ८ : जनुकीय तपासणी

फ्युजन शोधायचं असेल तर आरएनएवर आधारित सीक्वेन्सिंग उत्तम. एफआयएसएच लवकर होतं, पण विचारलेल्या एकाच जनुकाचं उत्तर देतं. ईटीव्ही६चा प्रोब निगेटिव्ह आला म्हणून इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा बाद होत नाही, कारण एनटीआरके जनुकाचा जोडीदार दुसराही असू शकतो आणि काही ट्यूमरमध्ये बदल बीआरएएफ किंवा एमईटीमध्ये सापडतो. बीकोरमधली अंतर्गत पुनरावृत्ती तर एफआयएसएचने दिसतच नाही. तिला पीसीआर किंवा सीक्वेन्सिंगच लागतं.

ही तपासणी केवळ नाव ठरवण्यासाठी नाही. ईटीव्ही६-एनटीआरके३ फ्युजनचा शोध १९९८ मध्ये लागला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एनटीआरके फ्युजन असलेल्या ट्यूमरसाठी लॅरोट्रेक्टिनिबला मान्यता दिली. पूर्वी हात किंवा पाय काढावा लागला असता अशा बाळाची गाठ आता औषधाने लहान करून अवयव वाचवता येतो. रॅब्डोमायोसार्कोमात पॅक्स३-फॉक्सओ१ किंवा पॅक्स७-फॉक्सओ१ आहे की नाही यावर उपचारांची तीव्रता ठरते. तान्ह्या बाळांच्या लांबट पेशींच्या रॅब्डोमायोसार्कोमात व्हीजीएलएल२ किंवा एनसीओए२ फ्युजन सापडलं तर वाटचाल बहुधा सौम्य असते, आणि मायोडी१ म्युटेशन सापडलं तर बिकट. मायक्रोस्कोपखाली हे दोन्ही एकमेकांसारखेच दिसू शकतात.

पायरी ९ : रिपोर्ट आणि त्यानंतर

चित्र, वय आणि स्लाइड यांतलं एक जरी जुळत नसेल तर रिपोर्टमध्ये तसं लिहा आणि सर्जन, रेडिओलॉजिस्ट व ऑन्कोलॉजिस्टला एका टेबलाशी बसवा. खोलवरच्या ८ सेंटिमीटरच्या गाठीतून ‘तंतुमय ऊती, घातक पेशी नाहीत’ एवढाच रिपोर्ट आला तर गाठ साधी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. सुई बाजूला गेली असण्याची शक्यता जास्त. बायोप्सी पुन्हा करा. दुर्मीळ ट्यूमरचे ब्लॉक आणि स्लाइड बालट्यूमर नियमित पाहणाऱ्या केंद्राकडे दुसऱ्या मतासाठी पाठवणं हा रोजच्या कामाचाच भाग आहे. पाठवताना फक्त रंगवलेल्या स्लाइड देऊ नका. ब्लॉक, एमआरआयच्या फाइल आणि रक्ताचे आकडेही द्या.

रॅब्डोमायोसार्कोमा ठरला तर छातीचा सीटी, पीईटी-सीटी, जवळच्या लिम्फ नोडची तपासणी आणि टीमने ठरवल्याप्रमाणे बोन मॅरो. हातापायांवरच्या रॅब्डोमायोसार्कोमात नोड चित्रात ठीक दिसला तरी नमुना घ्यावा लागतो. रॅब्डॉइड ट्यूमर ठरला तर मेंदूचा एमआरआय लगेच करा, कारण दुसरा ट्यूमर तिथे असू शकतो, आणि रक्तातून एसएमएआरसीबी१ (आयएनआय-१ प्रथिनाचं जनुक) तपासा. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल जन्मजात असतो. रॅब्डोमायोसार्कोमात ॲनाप्लाझिया (फार मोठी, वेडीवाकडी केंद्रकं) दिसला तर टीपी५३ जनुकाची तपासणी आणि कुटुंबाचं जनुकीय समुपदेशन सुचवा. मोठ्या आतड्यातल्या पॉलिपचा वारसा गार्डनर फायब्रोमातून (तंतूंच्या एका साध्या गाठीतून) कधीकधी सर्वांत आधी बाळातच उघड होतो, म्हणून तो रिपोर्ट लिहिताना एपीसी जनुकाची तपासणी नावानिशी नमूद करा.

जनुकीय अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तेवढ्या काळात बाळाचा श्वास, हात-पायाची संवेदना किंवा रक्तस्राव यांत बिघाड दिसला तर तातडीने कोणाला फोन करायचा, हे पालकांना पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. गाठीचं माप दर आठवड्याला त्याच टेपने, त्याच जागी घेत राहा.